परतीची वाट

निफाड तालुक्यातील एका शेतवस्तीवर, चिंचेच्या जुनाट झाडाखाली, एक मालमोटार तब्बल चाळीस वर्षे उभी होती. वस्तीवरची मुले तिच्या चाकाशी बसून तोंडाने ‘घुर्रर्र’ असा आवाज काढीत काढीत मोठी झाली. कोंबड्यांनी तिच्या पोटाखाली संसार थाटले. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि तिच्या पत्र्याला गंजाने चाळणीसारखी भोके पाडली. परंतु ‘ही भंगारात द्या’ असे कोणी म्हणाले, की घरातील आजी नुसते वर पाहत, आणि तो विषय तेथेच थांबे.

ती मोटार १९५१ सालची फार्गो. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना काढला होता आणि १९४७ पासून तेथे अमेरिकेहून आलेले भाग जुळवून मोटारी तयार होत असत. ही त्यांपैकीच एक. १९६६ साली आजोबांनी ती जुनीच विकत घेतली. पैसे कमी पडले तेव्हा आजींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. पुढे अठरा वर्षे या मोटारीने लासलगावचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईच्या बाजारात पोहोचवला आणि येताना कधी कौले, कधी खताची पोती, तर एकदा एका लग्नाचे अख्खे वऱ्हाड परत आणले. तिचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते. इकडे १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटांच्या डिझेल मालमोटारी रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. डिझेल स्वस्त पडे, मजलही जास्त होई. पेट्रोलच्या मालमोटारी हळूहळू मागे पडल्या. १९८४ साली आजोबांनी फार्गो चिंचेखाली उभी केली, आणि ती तेथेच राहिली.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी थोरल्या नातवाने ती पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. दोन वर्षे त्याने आपल्या सुटीचा एकही दिवस वाया घालवला नाही. त्याने गंज खरवडला, कुजलेल्या फळ्या काढून सागाच्या नव्या फळ्या घातल्या आणि इंजिन उकलून धुतले. शेवटी तिला रंग दिला: वर गडद तांबडा, खाली सांगाड्याला काळा कुळकुळीत आणि इंजिनाला राखाडी. धाकटी नात सातवीत होती. पान्हे पुसून देण्याचे आणि कोणता स्क्रू कोठला ते चिठ्ठीवर लिहून ठेवण्याचे काम तिच्याकडे असे. रंग वाळल्यावर मोटार अशी काही दिसू लागली, की वाटेने जाणारे लोक थबकून पाहत.

दिसायला मोटार नवी झाली; पण चालू मात्र होईना.

कळ दाबली की सेल्फ फिरे, इंजिन दोनचार वेळा कण्हल्यासारखे करी आणि कार्बुरेटरातून ‘फट्’ असा आवाज येई. नातवाने शहरातून नवी बॅटरी आणली, नवे प्लग, नवी कॉइल, नवा कंडेन्सर आणि प्लगच्या नव्या वायरी आणल्या, आणि ते सारे एकाच रविवारी बसवून टाकले. उपयोग शून्य. व्होल्टमीटर घेऊन त्याने जागोजाग मोजमाप केले. सगळीकडे पुरे सहा व्होल्ट भरत होते. काकांनी मग निकाल दिला, “जुने इंजिन ते जुनेच. एक डिझेलचे इंजिन पाहून ठेवले आहे. सोमवारी माणसे येतील, हे काढतील आणि ते बसवतील.” नातू निमूटपणे ऐकत होता. हे इंजिन एकदा उतरले, की आजोबांच्या मोटारीची नुसती कातडी तेवढी उरणार, हे त्याला कळत होते.

आजी एवढेच म्हणाल्या, “मालेगावच्या चाचांना बोलवा.”

चाचा म्हणजे आजोबांच्या वेळचे मिस्त्री. बाराव्या वर्षी गॅरेजात पान्हे धुवायला लागलेले आणि आता पंचाहत्तरी ओलांडलेले. गॅरेज केव्हाच बंद झाले होते आणि हातही जरासे कापू लागले होते. शनिवारी सकाळी ते एस.टी.ने आले, आजींना “वहिनी, बरे आहे ना?” असे विचारून पाणी प्याले आणि मोटारीभोवती एक फेरी मारून खुर्चीवर बसले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही.

“काय काय बदलले?” त्यांनी विचारले.

नातवाने यादी सांगितली.

“एका दिवसात?”

“हो, चाचा.”

“म्हणजे दोष कोठे होता ते आता मोटारही सांगू शकणार नाही,” चाचा म्हणाले. “बेटा, माणूस आजारी पडला तर पाच वैद्यांची पाच औषधे एकदम देतोस का तू?”

चाचांनी पुढे काय केले हे समजण्यासाठी पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी कशी पडते, हे थोडे पाहिले पाहिजे. अशा इंजिनात दट्ट्या हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो, आणि नेमक्या त्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडावी लागते. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नको असते. तेथे हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने तेल पेट घेते. फार्गोची बॅटरी होती अवघी ६ व्होल्टची, आणि दाबलेल्या मिश्रणातून उडी घेणाऱ्या ठिणगीला तर हजारो व्होल्ट लागतात. ते आणायचे कोठून? ही किमया कॉइल करते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. एका वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटला की शेजारच्या वेटोळ्यात क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये दाखवून दिले होते. त्याच तत्त्वावर कॉइल चालते. जाड तारेतला प्रवाह जोडण्याचे आणि तोडण्याचे काम ‘पॉइंट’ नावाचे दोन चिमुकले धातूचे तुकडे करतात. ते उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पडून वेळ जाऊ नये म्हणून जवळ कंडेन्सर असतो. मग डिस्ट्रिब्यूटर ती उच्च दाबाची वीज पाळीपाळीने सहा प्लगांना वाटून देतो. सहा नळकांड्यांचे असे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि एकीचीही वेळ चुकून चालत नाही!

बॅटरीवर चालणारी ही व्यवस्था चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञाने सिद्ध केली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम बसवली गेली. त्याच्या कंपनीचे नाव होते डेल्को. आपल्याकडचे कितीतरी मिस्त्री आजही डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’च म्हणतात. अमेरिकेतील डेटन गावच्या कंपनीचे नाव मालेगावच्या गॅरेजात एका भांड्याला चिकटून बसले. शब्दांचा प्रवासही मोठा मौजेचा असतो.

चाचांनी डेल्कोचे झाकण उघडले. सगळे भाग नवे होते. पॉइंट तेवढे जुने. नातू म्हणाला, “ते स्वच्छ दिसले, म्हणून राहू दिले.”

“दिसले!” चाचा हसले. त्यांनी कळ चालू करून पॉइंट नखाएवढ्या लाकडी काडीने उघडझाप केले. ठिणगीचे नाव नव्हते. काही वेळाने एक मिणमिणती टिकली दिसली, एवढेच. चाळीस वर्षांत त्या धातूवर डोळ्यांना न दिसणारा मळाचा पापुद्रा चढला होता आणि तो प्रवाहाला पुरते जाऊ देत नव्हता. चाचांनी बारीक कानस दोनदाच फिरवली, मग कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी पॉइंटांमध्ये धरून ती हलकेच ओढून काढली. पट्टीवर काळी रेघ उमटली. पोलादी पातीने त्यांनी दोन्ही पॉइंटांमधले अंतर अर्धा मिलिमीटर केले, कॉइलची वायर चिमट्याने इंजिनाजवळ धरली आणि पॉइंट पुन्हा उघडले. ‘चट्ट’ असा आवाज होऊन निळीशार ठिणगी उडाली. धाकटीने हात पुढे केला, तसे चाचा गरजले, “लांब हो! जवळ येशील तर फेकून देईल.”

दुसरा दोष तिनेच शोधला. प्लगच्या वायरी डेल्कोवर कोणत्या क्रमाने बसवायच्या तो क्रम या इंजिनात १-५-३-६-२-४ असा असतो. नळकांडी एकामागून एक अशी पेटत नाहीत, आलटून पालटून पेटतात, म्हणजे धक्के समतोल बसतात. चाचांनी क्रम मोठ्याने सांगितला आणि धाकटी वायरीवर बोट ठेवून मोजू लागली. “एक, पाच, तीन, सहा... चार?” ती थांबली. नव्या वायरी घालताना नातवाने जुन्या सगळ्या एकदम उपटल्या होत्या. त्या गडबडीत शेवटच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ‘फट्’ आवाजाचे मूळ तेच.

वायरी जागेवर गेल्या. नातवाने मोठ्या उमेदीने कळ दाबली. सेल्फ फिरला, पुष्कळ फिरला. परंतु आता इंजिन खाकरेना देखील! एवढी खटपट करून आपण मागेच गेलो असे नातवाला वाटले असल्यास नवल नाही. त्याने तोंड फिरवून घाम पुसला.

ओटीवर बसलेल्या आजी तेव्हा म्हणाल्या, “याचा सेल्फ असा रडत नव्हता. ह्यांनी कळ दाबली की गोठ्यातली गुरे दचकायची.”

चाचा वळले. “वहिनी, पुन्हा सांगा.”

“ओढल्यासारखा फिरतो हा. चढावर दमलेल्या बैलासारखा.”

“इंजिन नुकतेच उकलले आहे, म्हणून जड फिरत असेल,” नातू म्हणाला. चाचांनी मान हलवली. त्यांनी कॉइलची वायर पुन्हा चिमट्यात धरली आणि या खेपेला सेल्फ चालू ठेवून ठिणगी पाहिली. मघाची निळी ठिणगी आता तांबूस, बारीक, दोऱ्यासारखी झाली होती. मोकळ्या हवेत अशी ठिणगी कशीबशी उडते. दाबलेल्या मिश्रणात तिला उडी घेववत नाही. आधीचा ‘फट्’ आवाजही आता उलगडला. वायरी चुकल्या होत्या तेव्हा ही दुबळी ठिणगी पुरता दाब न चढलेल्या नळकांड्यात पडे आणि तेथे तिचे फावे. बरोबर जागी येताच ती विझली.

“सेल्फ नसताना ठिणगी चांगली, सेल्फ असताना वाईट,” चाचा स्वतःशीच पुटपुटले. “हॅण्डल आहे का रे?”

जुन्या मोटारींना पुढच्या बाजूने लोखंडी हॅण्डल घालून हाताने फिरवण्याची सोय असे. ते हॅण्डल धान्याच्या कोठीमागे सापडले. चाकांना दगडांची ओट लावली, गिअर सुटा केला. “अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेव,” चाचांनी बजावले. “इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.” नातवाने जोर केला. एकदा... दोनदा... तिसऱ्या झटक्याला इंजिन गरजले! चिंचेवरचे कावळे उडाले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या आणि आजी कठड्याला धरून उठून उभ्या राहिल्या.

आणि चाचांनी कळ फिरवून ते बंद करून टाकले.

“चाचा!” नातू जवळजवळ ओरडलाच.

“हॅण्डलने चालू झाली हे खरे,” चाचा म्हणाले, “पण सेल्फने का होत नाही ते कळले का? ते कळेपर्यंत ही दुरुस्त झालेली नाही.”

कोणीही त्या क्षणी आनंदाने इंजिन चालू ठेवले असते, चार माणसांना बोलावून पेढे वाटले असते. म्हाताऱ्याचा हा हट्ट नातवाला त्या वेळी क्रूर वाटला असेल. पण खरा कारागीर ओळखायचा तो अशाच जागी.

चाचांनी नातवाला पुन्हा सेल्फ फिरवायला लावला, दहा सेकंद. मग त्यांनी सेल्फ थांबवला आणि बॅटरीपासून निघून प्रत्येक सांध्याला तळहात लावून पाहिला. बॅटरीचे टोक गार. जाड केबल गार. सेल्फचा नट गार. त्यांना खाली वाकणे जमेना, म्हणून धाकटीला मोटारीखाली धाडले. “इंजिनापासून सांगाड्याकडे एक विणलेली पट्टी गेली असेल. तिचा बोल्ट कसा आहे?”

खालून आवाज आला, “चाचा, हा कोमट आहे! नाही... गरमच आहे.”

तिसरा दोष त्या बोल्टाखाली होता. वीज बॅटरीतून निघाली की तिला फिरून बॅटरीकडे यावेच लागते. वर्तुळ पुरे झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. मोटारीत परतीसाठी वेगळी तार नसते. इंजिनाचे लोखंड आणि सांगाड्याचे लोखंड हीच परतीची वाट. मिस्त्री तिला ‘अर्थ’ म्हणतात. पण इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते आणि रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या पट्टीने जोडलेले असते. नातवाने सांगाडा रंगवला, इंजिन रंगवले आणि त्या सुंदर रंगावरच ही पट्टी आवळून बसवली. रंग वीज अडवतो. बोल्टाच्या आट्यांतून जी थोडी लोखंडाला लोखंड लागत होती, तेवढीच काय ती वाट उरली होती.

ही अरुंद वाट कॉइलला पुरे. तिला सुमारे ४ अँपिअर प्रवाह लागतो. सेल्फला शेकड्यांनी लागतो. गल्लीतून एक माणूस सहज जातो, पण जत्रा त्याच गल्लीत घुसली तर त्या एकट्यालाही पाऊल टाकता येत नाही. तशातली ही गोष्ट. वाटेत ०.०१ ओहम एवढाच रोध असला आणि तिच्यातून २०० अँपिअर प्रवाह जाऊ लागला, तर २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि बोल्ट तापतो. मुळात सहा, त्यातले दोन गेले. सेल्फचा भार पडला की बॅटरीचा स्वतःचा दाबही थोडा उतरतो. मग कॉइलच्या वाट्याला काय येणार? नातवाने व्होल्टमीटर लावला होता तो सेल्फ बंद असताना. तेव्हा गल्ली रिकामी होती, म्हणून सगळीकडे सहा भरले.

आता त्याने मीटरची एक तार इंजिनाला व दुसरी सांगाड्याला, उघड्या धातूवर, लावली आणि धाकटीला कळ दाबायला सांगितली. काटा दोनाच्या जवळ गेला. चाचांनी मीटरकडे पाहिले, आपल्या तळहाताकडे पाहिले आणि ते मिस्कीलपणे म्हणाले, “याला म्हणावे, बरोबर आहेस.”

नातवाने बोल्ट काढला. खाली काळा रंग आरशासारखा चकाकत होता. ज्या रंगावर त्याने चार हात फिरवून आठ दिवस घालवले होते, त्यावर कानस चालवताना त्याचा हात क्षणभर अडखळला. मग मात्र त्याने रुपयाएवढी जागा लोखंड चकाकेपर्यंत घासली. इंजिनाच्या बाजूलाही तसेच केले. दातेरी वॉशर घालून पट्टी आवळली आणि गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलिन चोपडले.

“दाब,” चाचा म्हणाले.

सेल्फने एकच हुंकार दिला. या वेळी खरोखरच गोठ्यातली म्हैस दावे ओढून उभी राहिली. दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत इंजिन पेटले आणि सहाही नळकांडी एका लयीत घुमू लागली. ती लय ऐकून काका मळ्यातून आले. त्यांनी मोटारीकडे पाहिले, चाचांकडे पाहिले, आणि काही न बोलता खिशातून फोन काढून सोमवारच्या माणसांना ‘येऊ नका’ म्हणून सांगितले.

चाचांनी डेल्को किंचित इकडेतिकडे फिरवून ठिणगीची वेळ जुळवली. धाकटीने खडूने फळीवर १-५-३-६-२-४ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली पट्टीच्या बोल्टाचे चित्र काढले.

आजी ओटीवरून खाली आल्या. त्यांनी तांबड्या पत्र्यावर हात ठेवला. इंजिनाच्या घुमण्याने तो थरथरत होता.

“चालू झाली खरी,” त्या नातवाला म्हणाल्या, “आता थांबवायची कशी ते बघ. हिचे ब्रेक घाटात दोनदा सुटले होते.”

चाचांनी काढून ठेवलेली टोपी पुन्हा बाजूला ठेवली, अस्तन्या वर सारल्या आणि पुढचे चाक उचलायला जॅक मागितला.